फेक अकाउंटवरून बदनामी झाली तर काय करायचं: पहिल्या रात्रीपासून कोर्टापर्यंत

आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू होतं आणि मी खजिनदार. एका रात्री पावणेबाराला पुतण्याचा फोन, "काका, ग्रुपवर काय टाकलंय बघितलंत का?" बघितलं तर 'जागरूक रहिवासी' नावाचं अकाउंट, प्रोफाईलला सूर्यास्ताचा फोटो, आणि खाली लिहिलेलं की खजिनदाराने बिल्डरकडून फ्लॅटमागे पैसे खाल्ले. सोबत माझा गणपतीतला फोटो आणि आमच्या कॅशबुकच्या एका पानाचा फोटो. तोपर्यंत शंभरच्या वर कमेंटा.

मी काय केलं? रिपोर्टचं बटण दाबलं, दहा नातेवाईकांना दाबायला लावलं आणि सकाळी पोस्ट गायब झाली म्हणून खूश झालो. चार दिवसांनी वकील मॅडमकडे गेलो तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, लिंक कुठाय? लिंक नव्हती. होता एकच स्क्रीनशॉट, तोही कोणीतरी फॉरवर्ड केलेला, एका बाजूने कापलेला, बॅटरी ३१ टक्के एवढं दिसत होतं पण तारीख नाही, अकाउंटचं नाव अर्धं. मॅडम म्हणाल्या, "पुरावा तुम्हीच पुसलात की हो."

तीन आठवड्यांनी तोच मजकूर दुसऱ्या अकाउंटवरून परत आला, आणि तेव्हा मी सगळं नीट केलं. हे लिहितोय ते त्या दुसऱ्या वेळचं. मी वकील नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे, कागद जपायची सवय तेवढी आहे. तुमची केस वकिलाला दाखवाच, पण वकिलाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका म्हणून हा खटाटोप.

१. पहिला तास: हात आवरा

तीन गोष्टी करायच्या नाहीत. उत्तर द्यायचं नाही, रिपोर्ट करायचं नाही, आणि "मला माहितीये हे कोणी केलंय" असं नाव घेऊन कुठेही लिहायचं नाही. तिसरी सगळ्यात महागात पडते, कारण तुम्ही ज्याचं नाव घेतलं तो निघाला निर्दोष तर आता बदनामी करणारे तुम्ही, आणि तुमचं अकाउंट तर खऱ्या नावाचं आहे! म्हणजे त्याला शोधायचेही कष्ट नाहीत.

घरच्यांनाही सांगून ठेवा. माझ्या मेव्हण्याने कमेंटमध्ये "समोर ये मग दाखवतो" असं लिहिलं होतं, ते डिलीट करायला लावलं, पण तोवर समोरच्याने त्याचा स्क्रीनशॉट काढलेला असणार हे धरूनच चाललो.

२. पुरावा उतरवून घ्या

यावर वेळ घालवा, बाकी सगळं नंतर होतं. शक्यतो कॉम्प्युटरवर बसा, मोबाईलवर पोस्टचा पूर्ण पत्ता दिसत नाही.

आधी पोस्टची स्वतःची लिंक घ्या, ग्रुपची नाही. बहुतेक ठिकाणी पोस्टच्या वेळेवर क्लिक केलं की तीच पोस्ट एकटी उघडते आणि वर ब्राउझरमध्ये तिची युआरएल येते. ती कॉपी करून एका वहीत नाहीतर वर्ड फाईलमध्ये चिकटवा. फेसबुकवर कॉम्प्युटरवरून बघताना '३ तास' वगैरे लिहिलेलं असतं त्यावर माऊस नेला की पूर्ण तारीख-वेळ दिसते, ती दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या. नुसतं '३ तास' लिहिलेला स्क्रीनशॉट सहा महिन्यांनी बघितला तर कुठले तीन तास कोणाला कळणार?

मग प्रोफाईल. नाव आणि फोटो कधीही बदलता येतो, त्यामुळे प्रोफाईलची लिंक, त्यातलं युजरनेम आणि आकड्यांचा आयडी असेल तर तो उतरवून घ्या. 'जागरूक रहिवासी'चा दुसऱ्या दिवशी 'स्वाती'नावाची बाई झाली तरी आकडा तोच राहतो.

मग स्क्रीन रेकॉर्डिंग. सुरुवातीला कॉम्प्युटरचं घड्याळ आणि तारीख दाखवा, ब्राउझर उघडा, लिंक टाका, पोस्ट येऊ द्या, हळूहळू खाली सरकत सगळ्या कमेंटा दाखवा, मग प्रोफाईलवर जा. मध्ये थांबवू नका, कापाकापी करू नका. माझं रेकॉर्डिंग नऊ मिनिटांचं झालं, त्यात मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, येऊ देत.

साक्षीदार ही गोष्ट लोक विसरतात. कायद्यात बदनामी म्हणजे तुमच्याबद्दलचा मजकूर तिसऱ्या कोणीतरी वाचला पाहिजे. तुम्हाला एकट्याला इनबॉक्समध्ये शिव्या दिल्या तर तो दुसरा काहीतरी गुन्हा होऊ शकतो, बदनामी होत नाही. म्हणून ज्याने स्वतःच्या फोनवर ती पोस्ट बघितली अशी एक-दोन माणसं, शक्यतो नात्यातली नसलेली, त्यांना विचारून ठेवा की उद्या प्रतिज्ञापत्र द्याल का. आमच्या समोरच्या विंगमधल्या एका बाई तयार झाल्या, त्यांच्याही फोनवरचे स्क्रीनशॉट घेतले.

आता हॅश. शब्दाला घाबरू नका. कुठल्याही फाईलमधून गणित करून आकडे-अक्षरांची एक लांब ओळ निघते, फाईलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी ओळ पूर्ण बदलते, म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा समजा. विंडोजमध्ये ती काढायची सोय आतच असते, सर्टयुटिल नावाची कमांड, पुतण्याने मला अर्ध्या मिनिटात दाखवली. एसएचए २५६ ही पद्धत निवडा. ज्या दिवशी फाईल केली त्याच दिवशी हॅश काढून वहीत लिहा.

आणि इथेच सगळे फसतात. मी एक प्रयोग केला, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर हिला पाठवला, हिच्या फोनवरून परत कॉम्प्युटरवर घेतला, दोन्हीचे हॅश काढले. डोळ्यांना चित्र तेच, हॅश पूर्ण वेगळे, कारण व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून लहान करतं. तर वकिलाला फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ पेनड्राइव्हवर द्या. मूळ फाईल जिथे तयार झाली तिथून हलवू नका, नाव बदलू नका, क्रॉप करू नका, लाल गोल काढून बाण मारू नका. बाण मारायचेच असतील तर वेगळ्या कॉपीवर.

मजकूर व्हॉट्सॲप ग्रुपवर आला असेल तर पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, कारण तुमच्या फोनमध्ये तो 'बंड्या' म्हणून सेव्ह असेल आणि कोर्टाला बंड्या माहीत नाही. चॅट एक्स्पोर्ट करा. ग्रुपवर मेसेज आपोआप गायब व्हायचं सेटिंग चालू आहे का बघा. आणि तो फोन विकू नका, रिसेट करू नका, एक्स्चेंज ऑफर आली तरी नाही.

३. ही खरंच बदनामी आहे का, शांतपणे बघा

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेचं म्हणजे आयपीसीचं ४९९-५०० गेलं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नव्याने आलेली समाजसेवा. कलमाला दहा अपवाद आहेत, ते तुमच्या वकिलाच्या आधी समोरच्याचा वकील वाचणार. खरं असेल आणि लोकहितासाठी सांगितलं असेल तर गुन्हा नाही. चांगल्या हेतूने केलेली टीका, योग्य ठिकाणी केलेली तक्रार, हेही त्यात येतं.

माझंच घ्या. "खजिनदार हिशोब वेळेवर देत नाही" एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो, कारण त्या वर्षी ऑडिटला खरंच उशीर झाला होता आणि सभासदाला विचारायचा हक्क आहे. "पैसे खाल्ले" हे वेगळं, ते एक ठोस विधान आहे, खरं की खोटं ते तपासता येतं. "खजिनदार मूर्ख आहे" हे मत झालं, त्यावर कोर्टात गेलात तर तुमचाच वेळ जाईल.

४. तुम्हाला नक्की काय हवंय?

पोस्ट निघायला हवी, की माणूस कोण ते कळायला हवं, की माफी हवी, की पैसे हवेत, की शिक्षा? प्रत्येकाचा रस्ता वेगळा आणि खर्च वेगळा. मला आधी सगळंच हवं होतं. मॅडमनी कागदावर लिहायला लावलं तेव्हा कळलं की मला फक्त दोन गोष्टी हव्यात, पोस्ट जावी आणि त्याच ग्रुपवर खुलासा यावा. सिव्हिल दाव्यात नुकसानभरपाई जेवढी मागाल त्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, त्यामुळे रागाच्या भरात एक कोटी लिहिण्याआधी फीचा आकडा विचारा.

५. पोस्ट काढून घेणं

पुरावा झाला, आता रिपोर्ट करा, पण नुसतं बटण नाही. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव-पत्ता त्यांच्या साइटवर असतो. त्याला लेखी तक्रार पाठवा, लिंका द्या, कुठलं वाक्य खोटं आणि का ते दोन ओळीत लिहा. मूळ नियमांत २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल असं होतं. तुमच्या नावाने आणि फोटोने खोटं अकाउंट काढलं असेल किंवा अश्लील, मॉर्फ केलेले फोटो असतील तर त्यासाठी मुदत याहून बरीच कमी आहे, तसं तक्रारीत ठळक लिहा.

निकाल पटला नाही तर केंद्र सरकारने २०२३ मध्ये नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं. हे फार कमी जणांना माहीत असतं.

तरी अपेक्षा कमी ठेवा. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला सांगितलं की कोर्टाचा आदेश किंवा सरकारी सूचना आल्यावरच मजकूर काढायचं बंधन प्लॅटफॉर्मवर येतं, प्रत्येकाच्या तक्रारीवर त्यांनी न्यायाधीश होऊन बसायचं नाही. त्यामुळे साध्या बदनामीला "आमच्या नियमांचं उल्लंघन दिसत नाही" असं उत्तर येऊ शकतं. ते उत्तरही सेव्ह करा, पुढे लागतं.

एक चांगली गोष्ट, काढलेला मजकूर आणि बंद झालेल्या अकाउंटची नोंदणीची माहिती १८० दिवस जपून ठेवायची असं याच नियमांत आहे. म्हणजे माझ्यासारखं आधी रिपोर्ट करून बसला असाल तर सगळं संपलं असं नाही, पण घड्याळ चालू झालंय. तक्रारीतच एक ओळ टाका की संबंधित नोंदी कायदेशीर कारवाईसाठी जपून ठेवाव्यात.

६. पोलीस स्टेशन

इथे बहुतेकांचा भ्रमनिरास होतो म्हणून आधीच सांगतो. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस एफआयआर घेत नाहीत, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद घेतात, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. ठाणे अंमलदार मला म्हणाले, "साहेब एनसी देतो, पुढचं कोर्टात." मी चिडलो, पण ते नियमाने बरोबर होते. एनसी घ्या मात्र नक्की, तारखेचा एक सरकारी कागद होतो.

पण तुमच्या प्रकरणात बदनामीशिवाय आणखी काही आहे का ते बघा. तुमच्याच नावाने फोटो लावून अकाउंट चालवलं असेल तर आयटी कायद्याचं ६६ सी (ओळख चोरणं) आणि ६६ डी (दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं) लागू शकतं, हे दखलपात्र आहेत, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तपास इन्स्पेक्टर किंवा वरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. जिवाची धमकी असेल, बाईमाणसाचा ऑनलाइन पाठलाग असेल, खाजगी फोटो असतील तर सगळंच बदलतं, तेव्हा ताबडतोब सायबर पोलीस किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, बदनामीसाठी त्यावर ताटकळू नका.

कोणी "६६ ए लावा" म्हणालं तर नम्रपणे सांगा की आयटी कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठीचं ते कलम राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर एकीने लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, त्यावरून गदारोळ झाला आणि त्यातूनच वर सांगितलेली श्रेया सिंघल याचिका आली, त्यात ६६ ए रद्द झालं.

आणि ग्रुपच्या ॲडमिनला आत टाका हा हट्टही सोडा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सभासदाने टाकलेल्या मेसेजसाठी, दोघांचा ठरवून केलेला कट नसेल तर, व्हॉट्सॲप ॲडमिन जबाबदार नाही. ॲडमिनशी गोड बोला, तो तुमचा साक्षीदार होऊ शकतो.

७. लपलेला माणूस शोधणं

कंपनी तुम्हाला त्याचं नाव देणार नाही, कितीही मेल करा. ती माहिती तपासयंत्रणेला किंवा कोर्टाच्या आदेशाने मिळते. रस्ते ढोबळ मानाने तीन.

दखलपात्र गुन्हा असेल तर पोलीस मागवतात. एनसी असेल तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून तपासाचा आदेश मिळवायचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४. नाहीतर सिव्हिल कोर्टात अनोळखी माणसाविरुद्ध दावा. परदेशात त्याला 'जॉन डो' म्हणतात, आपल्याकडे कोर्टात त्या बिनचेहऱ्याच्या माणसाला 'अशोक कुमार' म्हणायची पद्धत आहे. खऱ्या अशोक कुमारांनी काय पाप केलंय कोण जाणे. दाव्यात प्लॅटफॉर्मलाही प्रतिवादी करतात आणि मागतात की या अकाउंटची नोंदणीची माहिती, ईमेल, मोबाईल नंबर आणि लॉगिनचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेट जोडणीचे आकडे, द्या.

आयपी पत्ता मिळाला म्हणजे माणूस मिळाला असं मुळीच नाही. मोबाईल इंटरनेटवर एकाच वेळी असंख्य फोन एकाच आयपीमागे असतात, त्यातून एक वेगळा काढायला सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट नंबर, म्हणजे त्या आयपीखालचा पोटक्रमांक, लागतो. पोर्ट नसेल तर टेलिकॉम कंपनी तरी काय करणार. म्हणून म्हणत होतो पोस्टची अचूक वेळ टिपून ठेवा. आणि शेवटी पत्ता मिळाला तरी तो एका घराचा वायफाय असतो, त्या घरात नवरा, बायको, कॉलेजातला मुलगा आणि भाडेकरू, टाइप कोणी केलं ते परत सिद्ध करायचंच.

व्हॉट्सॲप फॉरवर्डचा 'पहिला पाठवणारा' शोधून द्या अशीही मागणी लोक करतात. २०२१ च्या नियमांत ती तरतूद आहे, पण देशाची सुरक्षा, बलात्कार, मुलांचं लैंगिक शोषण अशा गंभीर गुन्ह्यांसाठी. सोसायटीच्या भांडणासाठी नाही.

माझ्या बाबतीत धागा वेगळ्याच ठिकाणी सापडला. कॅशबुकच्या त्या पानाच्या झेरॉक्स मी कमिटीतल्या तिघांना दिल्या होत्या आणि बँकेतल्या जुन्या सवयीने प्रत्येकीच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने घेणाऱ्याचा फ्लॅट नंबर लिहिला होता. पोस्टमधला फोटो क्रॉप केलेला होता, पण कोपऱ्यात एका आकड्याचं शेपूट राहिलं होतं. मोठं करून बघितलं, तो ७ होता, आणि तिघांत ७ ने संपणारा फ्लॅट एकच. मी उड्या मारत मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "हा संशय आहे, पुरावा नाही. त्यांनी ती कॉपी दुसऱ्या कोणाला दिली असेल तर?" खरं होतं. पण कुठे बघायचं ते कळलं. तुम्हीही पोस्टमधले फोटो नीट बघा, मागचा पडदा, टेबल, कागदाची घडी, लिहिण्यातली नेहमीची चूक. आणि जे दिसेल ते वकिलाला सांगा, ग्रुपला नाही.

८. कलम ६३ चा दाखला

डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत एक दाखला लागतो. पूर्वी पुरावा कायद्याचं ६५ बी, आता भारतीय साक्ष अधिनियम २०२३ चं कलम ६३. जुनी मंडळी अजून सिक्स्टी फाइव्ह बीच म्हणतात, पण नमुना बदललाय, इंटरनेटवरून जुना डाऊनलोड करून भरू नका.

नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग 'अ' ज्याच्या ताब्यात उपकरण आहे तो भरतो, म्हणजे तुम्ही. त्यात उपकरण कुठलं, मेक-मॉडेल, सिरियल नंबर, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, अगदी रंगसुद्धा, आणि फाईलचा हॅश व तो कुठल्या पद्धतीने काढला ते. भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा. मी एका खाजगी फॉरेन्सिक करणाऱ्याकडून करून घेतला, त्याने मूळ फाईली घेऊन हॅश परत काढला आणि माझ्या वहीतल्या आकड्याशी जुळवला. अक्षर न अक्षर जुळलं तेव्हा पास झाल्यासारखं वाटलं! समोरच्या बाईंच्या फोनमधल्या स्क्रीनशॉटचा दाखला मात्र त्यांच्या सहीचा, माझ्या नाही, हे विसरायचं नाही.

हा दाखला किती महत्त्वाचा ते आपल्या जालन्याच्या केसवरून कळतं. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर कैलास गोरंट्याल यांच्याविरुद्ध २९६ मतांनी निवडून आले, आणि वाद झाला की त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची वेळ टळल्यावर दाखल झाला. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ शूटिंग. पण त्या शूटिंगचा दाखला अधिकारी मागूनही देईनात. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दाखला सक्तीचा आहे, मात्र तो दुसऱ्याच्या हातात असेल आणि तुम्ही मागूनही मिळत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट मागवून घेईल. आणि मूळ फोन किंवा कॉम्प्युटर मालकाने स्वतः कोर्टात आणून साक्ष दिली तर दाखल्याची गरज नाही असंही म्हटलं. म्हणून पुन्हा सांगतो, तो फोन विकू नका.

९. नोटीस आणि कोर्ट

माणूस कळला असेल तर आधी वकिलाची नोटीस. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा, ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही पाठवा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका क्रेडिट कार्ड वसुलीत व्हॉट्सॲपवरची पीडीएफ नोटीस, निळी टिक आणि फाईल उघडलेली दिसल्यावर, बजावली गेली असं मानलंय.

कोर्टाचे रस्ते दोन आणि दोन्ही एकदम चालवता येतात. क्रिमिनलमध्ये ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची, तीन वर्षांच्या आत. नवीन संहितेत कलम २२३ प्रमाणे मॅजिस्ट्रेटने दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकायचं असतं, म्हणजे पूर्वीपेक्षा एक पायरी वाढली. बदनामी हा गुन्हाच नको अशी मागणी झाली होती, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात ती फेटाळली.

सिव्हिल दाव्याची मुदत मात्र फक्त एक वर्ष, आणि यात खूप जण बुडतात. "पोस्ट अजून दिसतेय म्हणजे मुदत चालूच आहे" असं समजू नका, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते म्हणणं नाकारलंय, मुदत पहिल्यांदा पोस्ट झाली तेव्हापासून मोजली. पोलीस स्टेशनच्या खेपांत नऊ महिने कसे जातात कळत नाही, आणि एनसी दिली म्हणून ती मुदत थांबत नाही.

१०. फाईलमध्ये काय असावं

वकिलाकडे मी ही फाईल घेऊन गेलो:

- तारीखवार टिपण, एक पान, कधी काय दिसलं आणि मी काय केलं
- सगळ्या युआरएल, अकाउंटची नावं आणि आयडी
- स्क्रीनशॉटचे रंगीत प्रिंट, आणि मूळ फाईली दोन पेनड्राइव्हवर
- हॅशची यादी, फोन आणि लॅपटॉपचं बिल
- प्लॅटफॉर्मला केलेली तक्रार, आलेली उत्तरं, एनसीची प्रत
- साक्षीदारांची नावं, आधार-पॅनची प्रत
- आरोप खोटा आहे हे दाखवणारे कागद, माझ्या बाबतीत बँक स्टेटमेंट आणि ऑडिट रिपोर्ट

शेवटची ओळ लोक विसरतात. बदनामी झाली हे दाखवायच्या धांदलीत आपण स्वच्छ आहोत याचे कागद घरीच राहतात, आणि समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

११. तडजोड झाली तर

या गुन्ह्यात तडजोड चालते. आमच्या इथे नोटीस जाऊन आठवडा झाला आणि रविवारी सकाळी ते गृहस्थ त्यांच्या मोठ्या भावाला घेऊन घरी आले, हिने चहा ठेवला, बराच वेळ कोणी काही बोलेना. शेवटी भाऊच म्हणाले, "चूक झाली, वहिनी." अकाउंट त्यांच्या मुलाने काढून दिलं होतं म्हणे. मी मान हलवली, पण तोंडी काही ठरवलं नाही, मॅडमना विचारून सगळं कागदावर घेतलं: माफी कुठल्या ग्रुपवर, कुठल्या नावाने, शब्द काय, किती दिवस वर पिन करून ठेवायची, दोन्ही अकाउंट कधी बंद करायची, आणि परत झालं तर काय.

माफी पंधरा दिवस पिन होती. आरोपाला शंभरच्या वर कमेंटा होत्या, माफीला अकरा, त्यातल्या चार आमच्याच घरातल्या. मी तिचीही लिंक उतरवली, वेळेवर माऊस नेऊन स्क्रीनशॉट घेतला, हॅश काढला आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवला.